भिंगरीचा भांग

माझे केस म्हणजे उंदराची शेपटी. हे मी स्वतः म्हणते. दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्याची खैर नाही. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मागच्या दारात उभी राहून केस विंचरत होते. नुकतेच धुतलेले, ओलेगच्च, आणि हातात बारीक दातांचा कंगवा. वरून खाली खसाखसा चाललं होतं. थोरल्या जाऊबाई आतून आल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "केसांनी तुझं काय वाकडं केलंय?"

नव्या नवरीला हे असं. मी तोंड फुगवून बसले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. मला स्टुलावर बसवलं, जुना मऊ सुती कपडा घेऊन केसातलं पाणी टिपून घेतलं, रुंद दातांचा लाकडी कंगवा आणला आणि अगदी खालच्या टोकांपासून सोडवायला सुरुवात केली. "आधी टोकं, मग मधलं, मग मुळं. वरून ओढलंस की सगळा गुंता खाली जाऊन बसतो. आणि ओला केस रबरासारखा ताणला जातो, मग तुटतो. तुझे आधीच मोजके आहेत." मग न विचारता खांद्यापर्यंत कापूनही टाकले. मी रडायचीच बाकी होते. दुपारी आरशात पाहिलं तर पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर केस असल्यासारखे दिसत होते. त्या दिवसापासून आजपर्यंत, चोवीस वर्षं, माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही.

जाऊबाईंचं केसांचं दुकान घरातच, रस्त्याकडच्या खोलीत. दोन खुर्च्या, त्यातली एक वरखाली होत नाही. मान टेकवायला खाच असलेलं बेसिन, भिंतभर आरसा, खिडकीत सुकत घातलेले टॉवेल. बाई येऊन खुर्चीत बसली की जाऊबाई 'काय करायचं' असं विचारत नसत. केस मोकळे करायच्या, दोन्ही हातांची बोटं मुळांपर्यंत घालायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. मग एक केस चिमटीत धरून कानाशी न्यायच्या आणि त्यावरून नखं सरकवायच्या. खराब झालेला केस बारीक करकरतो म्हणे. मी शंभरदा करून पाहिलं, मला काही ऐकू आलं नाही. त्यांना मात्र सगळं ऐकू यायचं. "रोज धुतेस, तेही कढत पाण्यानं." "झोपताना घट्ट बांधतेस ना?" "मागच्या महिन्यात घरी काहीतरी लावलंस आणि आता सांगत नाहीयेस." बायका चोरी पकडल्यासारख्या हसायच्या.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. एकदा बाजारात एका बाईनं थांबवून चौकशी केली, तर जाऊबाई नुसत्या बघत राहिल्या. ती बाई पाठ फिरवून निघाली तेव्हा म्हणाल्या, "अगं, ही तर आपली लोकरवाली." गिऱ्हाइकांची नावं त्यांनी केसांवरून पाडली होती. लोकरवाली, तारवाली, तेलाची बुधली, वाऱ्यावरची. तेलाच्या बुधलीला सांगायच्या, टाळूला तेल लावू नकोस, तुझी टाळू स्वतःच कारखाना आहे. लोकरवालीला दरडावायच्या, कुरळे केस कोरडे विंचरायचे नाहीत म्हणजे नाहीत, ओले असताना बोटांनी सोडव आणि हात लावल्याशिवाय वाळू दे. वाऱ्यावरचीचे केस माझ्यासारखेच, म्हणून तिला आणि मला एकच सल्ला: आखूड ठेवा आणि आशा सोडा.

त्यांचे स्वतःचे केस गुडघ्याखाली जायचे. जाड, लाटालाटांचे. लग्नाआधीपासून टोकं सोडली तर कात्री लागलेली नव्हती. दुकानाला पाटी होती, पण खरी पाटी हीच. एखादी नवी बाई दारात घुटमळली की जाऊबाई सहज म्हणून अंबाडा सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या. बाई आत.

आणि मी? मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. नाव, वय, काय होतंय, पुढे चला. संध्याकाळी घरी आले की जेवताना दवाखान्यातली सोंगं काढून दाखवायची, हे माझं काम. कोण कसं कण्हत आलं, कोणाला कुठं काय झालं आणि ते सांगताना तो कसा लाजला. नावं सांगत नसे, पण नकला करायची. सगळं घर पोट धरून हसायचं. मला वाटायचं, या घरात माझ्यामुळे जरा गंमत आहे. हे इथंच लिहून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

मी आल्यावर दोन वर्षांनी जाऊबाईंना मुलगी झाली. एका जागी क्षणभर ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागलो. डोक्यावर कुरळ्यांचं हे एवढं टोपलं. आईच्या लाटा आणि आणखी कुठून तरी आलेले वेढे. मला स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे ती निम्मी माझी होती. पण केस मात्र पूर्ण आईचे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी खुर्चीत उशी ठेवून जाऊबाई तिला बसवायच्या आणि बोटांनी एकेक बट सोडवायच्या. एवढा वेळ ती पोरगी शांत बसायची.

ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी जाऊबाईंच्या बोटांना तिच्या उजव्या कानाच्या वर, जरा मागे, नाण्याएवढी रिकामी जागा लागली. हे मला फार नंतर कळलं, त्यांनीच सांगितलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, वेणी घट्ट बांधतो म्हणून केस तुटले. वेण्या सैल केल्या. मग वाटलं, टाळूला काही झालंय. कसलं कसलं तेल कोमट करून लावलं. पण त्या काय तुमच्याआमच्यासारख्या नव्हत्या. तिथं उगवलेल्या खुंटांवरून एकदा बोट फिरवल्यावर त्यांना कळलं होतं. गळलेल्या केसांची जागा गुळगुळीत असते, तुटलेल्यांची एकसारखी खरखरते. इथं एक खुंट छोटा, एक मोठा, एक नुकताच आलेला. हे केस कोणीतरी एकेक करून उपटत होतं. दोन दिवसांनी पोरीच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांत त्यांना ते सापडले. नीट सरळ करून, मुळं एका बाजूला घेऊन ठेवलेले.

त्यांनी विचारलं. पोरगी म्हणाली, "मला माहीत नाही. हात जातो." त्यांनी एकदा समजावलं, एकदा रागावल्या, एकदा हातावर मारलं आणि मग तिच्यासमोर बसून स्वतःच रडल्या. त्यानंतर त्यांनी तेच केलं जे त्यांना उत्तम जमत होतं. भांग बदलला.

मधला भांग त्यांनी डाव्या कानापाशी नेला, तिकडचे सगळे केस डोक्यावरून आडवे उजवीकडे आणले, कानावर एक सैल पीळ घातला आणि मागे खाली एकच जाड वेणी. रिकामी जागा त्या पिळाखाली गडप. वारा आला, पोरगी धावली, कोणी डोक्यावरून हात फिरवला, तरी दिसायची नाही. जागा वाढत गेली तसा पीळ बदलत गेला. कधी दोन, कधी गुंफलेले, कधी वरून केसांचीच पट्टी. दिसायला इतकं सुरेख की शाळेतल्या पोरींच्या आया दुकानात येऊन म्हणू लागल्या, भिंगरीसारखे घालून द्या. दोन वर्षांत आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या पोरी डावा भांग आणि उजवा पीळ घालून फिरत होत्या. माझ्या पुतणीचा आजार आमच्याकडची फॅशन झाला होता आणि मी, मीसुद्धा, जेवताना म्हणाले होते, "ताई, तुमच्या हातात जादू आहे." जाऊबाईंनी मला आणखी वाढलं.

पोरगी हळूहळू मंदावली. पोहायला जायची ते सोडलं. मैत्रिणीकडे राहायला गेली नाही. आम्ही म्हणायचो, मोठी झाली, समज आली. आठ वर्षं हे असं चाललं.

ती सतरा वर्षांची असताना जाऊबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले आणि त्यांना सहा दिवस इस्पितळात राहावं लागलं. मी रजा घेऊन घरी थांबले. पहिले दोन दिवस भिंगरीनं आईनं घालून दिलेली वेणी सोडलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तर ही डोक्याला ओढणी गुंडाळून स्वयंपाकघरात आली. माझी जीभ कुठली गप्प बसणार. म्हटलं, "काय गं, डोकं दुखतंय की फिरलंय?" आणि गमतीनं ओढणीची गाठ ओढली.

ओढणी खाली पडली. मी आधी हसले आणि मग मला दिसलं. माझ्याच विनोदावर हसायची माझी सवय. डोळ्यांना दिसायच्या आत हसू तोंडातून बाहेर पडलं होतं. उजव्या कानापासून वर टाळूपर्यंत तळहाताएवढी जागा. मधे कातडी गालासारखी नितळ, कडेनं थोडे खुंट. मोकळे सोडलेले उरलेले केस दुसऱ्या बाजूला लोंबत होते, त्यामुळे ते आणखीच वाईट दिसत होतं. पोरगी रडली नाही. वाकून ओढणी उचलली आणि म्हणाली, "आई येईपर्यंत मी शाळेत जात नाही, काकू. तुला ते बांधता येत नाही."

माझं ते हसू तिनं नंतर कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते अजून ऐकू येतं.

दुपारी मी तरातरा इस्पितळात गेले. जाऊबाई टाके सांभाळत उशीला टेकून बसल्या होत्या. मी काही विचारपूस केली नाही.

"किती वर्षं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पांघरुणाकडे. "नऊ वर्षांची होती तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत? मला? मी दवाखान्यात बसते, ताई. माझ्या खिडकीपासून चार पावलांवर डॉक्टर बसतात."

"म्हणूनच नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तू सगळ्यांचं बघतेस आणि जेवताना सांगतेस. आम्ही सगळे हसतो. मी पण हसायचे. ती पण तिथंच बसलेली असायची."

मला खुर्ची दिसली नाही, मी पलंगाच्या कडेवरच बसले. परत येताना रस्ताभर मला एकेक जेवण आठवत होतं. ती पोरगी मान खाली घालून भात कालवत होती आणि मी खाजवणाऱ्या माणसाची नक्कल करत होते.

महिन्याभरानं आम्ही दोघी तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेलो. डॉक्टरीण शांत बाई. भिंग लावून तिनं बराच वेळ पाहिलं. कडेचे केस येतील, म्हणाली, हात थांबला तर. मधल्या भागात मुळंच राहिलेली नाहीत, वर्षानुवर्षं ओढून ती मेली. हा केसांचा आजार नाही, त्यासाठी मनाच्या डॉक्टरांकडे जावं लागेल, आणि लहानपणी गेलं असतं तर सोपं होतं. मग तिनं विचारलं, "पण आठ वर्षं कोणालाच कसं दिसलं नाही? शाळेत, घरात?"

जाऊबाई उठल्या. पर्समधून टोकदार दांडीचा, शेपटीचा कंगवा काढला. मुलीच्या मागे उभ्या राहून भांग पाडला, केस आडवे घेतले, पीळ, दुसरा पीळ, दोन काटे, वेणी. चार मिनिटंही लागली नसतील. डॉक्टरीण बघत होती. शेवटी तळहाताएवढी ती जागा कुठं होती हे मलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरीण म्हणाली, "इतकं चांगलं केलं नसतंत तर बरं झालं असतं."

जाऊबाईंनी कंगवा पर्समध्ये ठेवला. चेन लावायला त्यांना फार वेळ लागला. थोरले दीर घरं रंगवायची कामं घेतात, सरळ माणूस, त्यांना घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "मला वाटायचं तिला ती वेणी आवडते." आणि उठून बाहेर गेले.

मग जे काही सांगितलं ते सगळं केलं. मनाच्या डॉक्टरांनी एक वही दिली, हात डोक्याकडे गेला की वेळ लिहायची. हातात धरायला रबरी चेंडू. वाचताना बोटांना चिकटपट्टी. गोळ्या. दर पंधरवड्याला बोलणं. जाऊबाईंनी ठरवलं की आता लपवायचं नाही, आणि तिला ओढणी बांधून शाळेत पाठवलं. दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मागून ओढणी ओढली. मला त्या कोणाला तरी शिव्या द्यायचा हक्क नव्हता. ती शाळा तिथंच सुटली आणि परीक्षा तिनं पुढच्या वर्षी बाहेरून दिली. ओढणी ओढली त्याच दिवशी पुन्हा पीळ घातला गेला.

तीन महिने हात थांबायचा. कडेला मऊ काळी लव यायची, घरात कोणी बोलत नसलं तरी सगळ्यांची नजर तिथं. मग एका आठवड्यात सगळं साफ. पुन्हा वही, पुन्हा चेंडू. असं सात-आठ वेळा झालं. मी मोजायचं सोडलं. डॉक्टर म्हणायचे, धीर धरा, असं होतं. धीर आमच्याकडे होता, केस नव्हते.

एकदा मी तिला विचारलं होतं, नक्की होतं तरी काय गं तुला? आम्ही दोघी टॉवेल घड्या करत होतो. ती म्हणाली, "ओढताना कळत नाही, काकू. सगळे केस सारखे नसतात ना, मधेच एखादा खरखरीत लागतो. बोट तोच शोधत जातं. तो निघाला की एकदम शांत वाटतं. मग दुसरा लागतो."

मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. लांब, टोकाला जरा वळलेली. आईचीच बोटं होती ती. आंधळ्यानं चाचपावं तसं केसातून फिरून बरोबर तोच एक शोधून काढणारी. आईला त्यावर दुकान चालवता आलं. लेकीच्या वाट्याला हे आलं. मला देवाचा राग आला, आणि देव नसेल तर ज्याचा कोणाचा यायला हवा त्याचा.

बावीस वर्षांची झाली तेव्हा तिला चष्म्याच्या दुकानात नोकरीचं बोलावणं आलं. गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं, काचा पुसायच्या, फ्रेम लावून दाखवायच्या. पण आता पीळ घालायलाही केस उरले नव्हते. दोन्ही बाजू गेल्या होत्या. ती म्हणाली, "नाही जात मी." जाऊबाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे मुदत माग."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दुकानात जाऊबाई बसल्या होत्या आणि मी त्यांना ओळखलं नाही. मानेपर्यंत कापलेले केस, खाली गोरी मान. मी ती मान कधी पाहिलीच नव्हती. टेबलावर कागद पसरून त्यावर त्यांचे केस दोऱ्यानं बांधून ठेवले होते. बाजारात केसांचे तयार टोप मिळतात हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "विकतचा तिच्या कातडीवर बसायचा नाही. आणि तो परक्याचा वाटेल."

एका डोक्याचे केस एका टोपाला पुरत नाहीत. यांची लांबी होती म्हणून तीन तुकडे करून कसेबसे पुरले. त्यातले पांढरे वेचून बाजूला काढले. ओले केस पेन्सिलींवर गुंडाळून वाफ देऊन कुरळे केले, लेकीच्या वेढ्यांशी जुळवून. मग बारीक जाळी लाकडी डोक्यावर ताणली आणि आकड्याच्या सुईनं एकेक, फार तर दोन-दोन केस घेऊन गाठ मारायला सुरुवात केली. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा. सात महिने लागले. सुटीच्या दिवशी मी शेजारी बसून केस विभागून द्यायची. त्यांचे डोळे लाल व्हायचे. चष्म्याच्या दुकानवाल्यानं ती जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाकली आणि मग ती दुसरी कोणी सोडून गेली म्हणून पुन्हा बोलावलं. आमच्या नशिबात तेवढं होतं.

टोप पहिल्यांदा घातला त्या दिवशी भिंगरी आरशासमोर बसून दोन्ही कानांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, मधे भांग पाड ना."

नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या डोक्यावर मधला भांग नव्हता. जाऊबाईंनी कंगव्याच्या टोकानं कपाळापासून सरळ रेघ ओढली. केस दोन्हीकडे सारखे पडले. पोरीनं मान हलवली, डावीकडे, उजवीकडे, आणि मग उभी राहून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

"हे मी नाही ओढणार, काकू," ती मला नंतर म्हणाली. "माझे ओढते. आईचे कसे ओढीन?" माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला. तिचाही बसला होता, हे मी शपथेवर सांगते.

तीन महिने बरे गेले. ती कामावरून हसत यायची, गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. कोणाची नक्कल मात्र करायची नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी जाऊबाई टोप धुवायच्या. मी घमेलं धरायची. पाण्यात शॅम्पू विरघळवून त्यात टोप नुसता बुडवायचा, चोळायचा नाही, वर काढून निथळू द्यायचा. मग लाकडी डोक्यावर टाचण्या लावून बसवायचा आणि टोकांपासून सोडवत वर यायचं. आधी टोकं, मग मधलं, मग मुळं.

गेल्या रविवारी त्या अशाच वर येत होत्या आणि त्यांची बोटं थांबली. उजव्या कानाच्या वर, जरा मागे. मी घमेलं खाली ठेवलं. त्यांनी केस बाजूला केले. अंगठ्याएवढी जाळी उघडी पडली होती. कडेचे केस काही छोटे तुटलेले, काही गाठीसकट गेलेले.

"धुताना निघाले असतील," मी म्हटलं.

"माझी गाठ धुण्यानं निघत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी खण उघडून कागदाची पुडी काढली. टोप झाल्यावर उरलेले मूठभर केस त्यात होते. पुडी उघडून पाहिली, पुन्हा बंद केली. "एकदा पुरतील," त्या म्हणाल्या. मला वाटलं त्या रडतील, ओरडतील, निदान मला काही विचारतील. त्या वाळवायच्या यंत्राची थंड हवा सोडून केस वाळवत बसल्या.

भिंगरी दारात आली. डोक्याला ओढणी, खांद्याला पिशवी. रविवारी चष्म्याच्या दुकानात तिची दुपारची पाळी असते. "झालं का, आई? मला निघायचंय."

"ये, बस."

ती आरशासमोर बसली. जाऊबाईंनी टोप तिच्या डोक्यावर बसवला, कानामागे चिमटे लावले. मग शेपटीचा कंगवा घेतला, क्षणभर हातात नुसता धरला आणि मधला भांग मोडला. डाव्या कानापाशी नवा पाडला. तिकडचे केस डोक्यावरून आडवे आणले आणि उजव्या कानावर एक सैल पीळ घातला.

पोरगी आरशातून बघत होती. भांग मोडला तेव्हाच तिला कळलं होतं. तिनं मान खाली घातली तर आईनं दोन बोटांनी हनुवटी वर केली, कारण पीळ सारखा बसत नव्हता.

"आई," ती म्हणाली.

"उशीर होईल तुला," जाऊबाई म्हणाल्या आणि काटा खोचला.

ती गेली. रस्त्यावरून तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. मला बोलायचं होतं. डॉक्टरणीचं ते 'इतकं चांगलं केलं नसतंत तर' माझ्या अगदी ओठावर होतं. पण आठ वर्षं मला दिसलं नव्हतं, आणि आता दिसलं तर पहिला शब्द मी काय काढला होता? धुताना निघाले असतील.

जाऊबाई माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसल्या. मानेवरचे केस त्यांनी एका हातानं खाली ओढून धरले. "बघ गं, किती वाढलेत."

मी हात लावला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या डोक्यावरच्या केसांना हात लावत होते. मुळांशी बरेच पांढरे आले होते, जाडीही पहिल्यासारखी राहिली नव्हती. मी मानेपासून टोकांपर्यंत बोटं ताणली.

"वीतभर," मी म्हटलं.

वीत भरत नव्हती. मी अंगठा थोडा आत ओढून घेतला होता.